गुडघ्याचं ऑपरेशन, सतरावा दिवस आणि पोटरीतली गुठळी

अश्विनी_सातारा
९ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे. आज लिहायला बसले, कारण गेले पाच आठवडे एक गोष्ट मनातून जात नाही.

आईचं वय ६८. एप्रिलमध्ये पुण्याला तिचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली, पाचव्या दिवशी आम्ही तिला साताऱ्याला घरी आणलं. डिस्चार्ज कार्डावर सात औषधं होती. कुठलं कशासाठी ते कुणी समजावून सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्यात एक छोटी गोळी रोज एक, चौदा दिवस अशी लिहिलेली होती. मेडिकलवाल्याने दहाची स्ट्रिप दिली. ती संपली तेव्हा कोर्स संपला असं आम्ही धरून चाललो. ती रक्त पातळ ठेवायची गोळी होती, हे मला नंतर कळलं.

पंधराव्या दिवशी आई म्हणाली, पोटरी भरून आल्यासारखी वाटते. पाय सुजलेला होता, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हटल्यावर सूज असणारच असं वाटलं. शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडे येणाऱ्या मालीशवाल्या मावशींना पाठवलं. दोन दिवस कोमट तेलाने पोटरी चोळून घेतली. सतराव्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना आईला दम लागला. घामाने चिंब झाली आणि दारातच खाली बसली. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता. ८७ आला. नाडी १२४. १०८ ला फोन केला. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या दिसल्या.

आई वाचली. चार दिवस आयसीयूत होती, आता घरात फिरते आहे. तीन महिने गोळी चालू ठेवायची आहे.

मला एक समजून घ्यायचं आहे. ऑपरेशनच्या बिलात ट्रॅनेक्सा नावाचं इंजेक्शन दिसलं. विचारल्यावर कळलं की ते रक्तस्राव थांबवायला देतात. आणि त्याच रात्रीपासून पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन. एकाच माणसाला, एकाच दिवशी, एकमेकांच्या उलट दोन औषधं? रक्त गोठायला हवं होतं की नको होतं?

चैत्रपालवी
९ जून, रात्री १०:५५

अश्विनी, वाचून अंगावर काटा आला. काकू सुखरूप आहेत हे बरं झालं. माझ्या आत्याला खुब्याच्या ऑपरेशननंतर असंच झालं होतं आणि ती गेली. आम्हाला सगळ्यांनी "हार्ट अटॅक" म्हणून सांगितलं. आता वाटतं, तोही हाच प्रकार असेल का. पोस्टमॉर्टेम कुणी केलंच नाही.

निशिगंध
१० जून, सकाळी ६:४०

मी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो. अश्विनीताई, तुमचा प्रश्न आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही पडतो आणि तो पडायलाच हवा. सविस्तर लिहितो.

रक्तात दोन कामं सतत शेजारी शेजारी चालू असतात. एक जाळं विणायचं, दुसरं जाळं उसवायचं. चाकू लागला की रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवरचं टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन रक्ताला भेटतं. त्यातून थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे करतं. प्लेटलेट आणि धागे मिळून भोक बुजतं. त्याच वेळी प्लाझ्मिन नावाचं द्रव्य ते धागे कापायला लागतं, नाहीतर सगळी नळीच बुजेल.

मोठ्या ऑपरेशनच्या पहिल्या काही तासांत उसवणाऱ्याचा जोर जास्त असतो. गुडघ्याच्या ऑपरेशनात मांडीला टूर्निकेट बांधून रक्त अडवलेलं असतं. ते सोडलं की हा जोर आणखी वाढतो आणि हाडाच्या कापलेल्या पृष्ठभागातून रक्त झिरपत राहतं. ट्रॅनेक्सा इथे कामाला येतं. ते नवी गुठळी तयार करत नाही. जखमेवर आधीच विणलेलं जाळं प्लाझ्मिनने कापू नये म्हणून आड उभं राहतं, आणि काही तासांत लघवीवाटे निघून जातं.

दुसऱ्या दिवसापासून चित्र पालटतं. प्लाझ्मिन तयार होण्याला लगाम घालणारं पीएआय-वन हे प्रथिन वाढतं, म्हणजे उसवणं मंदावतं. यकृताला वाटतं की शरीर जखमी झालंय, म्हणून ते जास्त फायब्रिनोजेन बनवायला लागतं. एरवी ते एका डेसीलिटरमध्ये २०० ते ४०० मिलीग्रॅम असतं, ऑपरेशननंतर त्याच्या बरंच वर जातं. प्लेटलेट आधी थोड्या उतरतात आणि दुसऱ्या आठवड्यात नेहमीपेक्षा वर चढतात. थोडक्यात, जखम भरून येत असताना माणसाचं रक्त पुढचे काही आठवडे गोठायला टपलेलं असतं. रात्रीचं इंजेक्शन आणि नंतरची गोळी या काळासाठी असते. औषधं एकमेकांच्या उलट आहेत, पण त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत.

वेळेला किती महत्त्व आहे बघा. ट्रॅनेक्सा म्हणजे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, ते जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या नवरा-बायकोने शोधलं, १९६२ साली ते प्रसिद्ध झालं. उताकोबाई लहान मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरतात, त्यांच्यासाठी काहीतरी करायचं ही त्यांची तळमळ होती. पुढे २०१० मध्ये ४० देशांतल्या २०,२११ अपघातग्रस्तांवर क्रॅश-२ नावाची चाचणी झाली. त्या औषधाने जीव वाचतात हे तिथे दिसलं. पण आकडे पुन्हा तपासले तेव्हा कळलं की अपघातानंतर तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोग होतो, तीन तास उलटल्यावर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याची शक्यता उलट वाढते. औषध तेच, माणूस तोच, फक्त घड्याळ पुढे सरकलेलं.

आता रक्ताच्या वाहण्याबद्दल, कारण गोठण्याइतकंच तेही महत्त्वाचं आहे. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या स्नायूंनी पिळल्यामुळे. भूल दिली की ते स्नायू सैल पडतात. व्हेंटिलेटरचा दाब छातीत असतो, त्यामुळे वर येणाऱ्या रक्ताला वाट कमी मिळते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरतात, त्याचाही दाब पोटातल्या मोठ्या नीलेवर येतो. मग पोटरीच्या नीलांमधल्या झडपांच्या खोबणीत रक्त जागच्या जागी घुटमळतं, तिथला प्राणवायू कमी होतो आणि पहिला धागा तिथेच धरतो. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५६ मध्येच पायातल्या गुठळ्या फुप्फुसात जाऊन अडकतात हे दाखवलं होतं. वाहणं मंदावलं, नळीच्या आतल्या अस्तराला इजा झाली, रक्ताचा स्वभाव गोठण्याकडे झुकला, ही तीन कारणं आम्ही आजही त्यांच्याच नावाने शिकतो. गुडघा बदलताना तिन्ही एकाच टेबलावर हजर असतात.

कृष्णाकाठ
१० जून, सकाळी ९:०५

माहिती चांगली आहे, पण थोडं विरोधी लिहितो. माझ्या वडिलांचे दोन्ही गुडघे बदलले. एकही इंजेक्शन नाही, गोळी नाही. आज रोज तीन किलोमीटर चालतात. हे गुठळ्यांचं प्रकरण गोऱ्या लोकांत जास्त असतं, आपल्याकडे नाही, असं आमच्या ओळखीच्या एका जुन्या सर्जननेच सांगितलं होतं. उगाच घाबरवून औषधं खपवू नयेत असं प्रामाणिकपणे वाटतं.

ओवी_लेस्टर
१० जून, दुपारी ३:३०

कृष्णाकाठ, तुमचे वडील ठणठणीत आहेत हे वाचून आनंद झाला. मी इंग्लंडमध्ये हॉस्पिटल फार्मसिस्ट आहे. माझ्या रोजच्या कामातला हा विषय, म्हणून लिहिते.

इथे साडेनऊ लाखांच्या आसपास मध्यमवयीन बायकांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या. २००९ मध्ये त्यातून असं निघालं की गुडघा किंवा खुबा बदलल्यावर पुढच्या बारा आठवड्यांत साधारण ४५ जणींपैकी एकीला गुठळीसाठी पुन्हा भरती व्हावं लागतं किंवा त्यात मृत्यू येतो. म्हणजे ४४ जणींना काही होत नाही. तुमच्या बाबांसारखी उदाहरणं प्रत्येकाच्या घरात सापडणार, ती खरीच असतात. ती पंचेचाळिसावी कोण, हे मात्र आधी कळत नाही.

त्याच नोंदींत मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट ही वाटते की धोका हॉस्पिटलात असताना शिखरावर नसतो. तो तिसऱ्या आठवड्यात असतो. अश्विनी, तुझ्या आईचा सतरावा दिवस. टाके निघालेले असतात, पाहुणे भेटून गेलेले असतात, मुलं आपापल्या नोकरीवर परत गेलेली असतात, आणि तेव्हा हे होतं.

"आपल्याकडे नसतं" यावर एवढंच म्हणेन की शोधल्याशिवाय सापडत नाही. चैत्रपालवीने लिहिलंय तसं, घरी अचानक गेलेल्या माणसाला हार्ट अटॅक म्हणून मोकळं होतात. इंग्लंडमध्येही असंच चालायचं. २००५ मध्ये संसदेच्या आरोग्य समितीने सांगितलं की हॉस्पिटलमुळे झालेल्या गुठळ्यांनी वर्षाला अंदाजे २५,००० माणसं मरतात, तेव्हा लोक हलले. २०१० पासून भरती झालेल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा गुठळीचा धोका किती, याचा फॉर्म भरला जातो की नाही याची देशभर मोजणी सुरू झाली.

आणि ही औषधं आधी कुणी सिद्ध केली तर विजय कक्कड या भारतीय वंशाच्या सर्जनने, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात. त्यांच्या १९७५ च्या चाचणीत चाळिशी ओलांडलेले ४,१२१ रुग्ण होते. अर्ध्यांना ऑपरेशनच्या दोन तास आधीपासून हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे छोटे डोस दिले, अर्ध्यांना नाही. फुप्फुसातल्या मोठ्या गुठळीने न दिलेल्यांत १६ जण गेले, दिलेल्यांत २. त्याआधी कक्कड यांनी किरणोत्सारी आयोडीन लावलेलं फायब्रिनोजेन रुग्णांना टोचून रोज पायावर मोजणी केली होती. बऱ्याच जणांत गुठळी ऑपरेशनच्या टेबलावरच धरते हे त्यात दिसलं. त्यातल्या काही आपोआप विरघळतात, काही वर मांडीकडे वाढत जातात.

कृष्णाकाठ
१० जून, संध्याकाळी ६:२०

४५ चा आकडा असा कधी पाहिला नव्हता. तिसऱ्या आठवड्याचंही माहीत नव्हतं. माझं "नसतं" हे विधान मागे घेतो.

मंगलसिस्टर
१० जून, रात्री ९:१५

मी हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. डॉक्टरांनी आतलं सांगितलं, मी पलंगाजवळचं सांगते.

पोटातलं इंजेक्शन बेंबीपासून दोन इंच लांब, चिमटीत कातडी धरून द्यायचं. भरलेल्या सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा असतो तो काढायचा नाही, तो मुद्दाम ठेवलेला असतो. दिल्यावर चोळायचं नाही, चोळलं की काळंनिळं होतं. आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. घरी स्वतः देणारे कितीतरी नातेवाईक मी तयार केलेत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पायाला हवा भरणारे मोजे लावतो, ते पोटरी पिळायचं काम करतात. गरम होतं, आवाज येतो म्हणून पेशंट रात्री काढून ठेवतात आणि नातेवाईकही "झोपू द्या हो सिस्टर" म्हणतात. काढून उशाशी ठेवलेला मोजा काहीच काम करत नाही. मला त्यासाठी पेशंटशी वाद घालायला लागला तरी मी घालायचे.

पावलं पुढे-मागे हलवायचा व्यायाम सांगतो, तासाला दहा-वीस वेळा. तो पडल्या पडल्या होतो. आपल्याकडे आजारी माणसाचा पाय हलला की घरचे म्हणतात आराम कर. या ऑपरेशनात जास्त आराम वाईट. गुडघ्याखाली उशी घालून दिवसभर पडून राहू नका.

आणि मालीश. अश्विनी, हे तुला दुखवायला लिहीत नाही. ऑपरेशन झालेल्या पायाची पोटरी दुखत असेल, एका बाजूलाच सूज असेल, हाताला गरम लागत असेल, तर हात लावायचा नाही. तेल नाही, शेक नाही, पट्टी आवळून बांधायची नाही. सरळ डॉपलर, म्हणजे पायातल्या शिरांची सोनोग्राफी, करून घ्यायचा. मी इतक्या वर्षांत इतक्या घरांतून हे मालीशचं ऐकलंय की प्रत्येक डिस्चार्जच्या वेळी पहिलं वाक्य तेच सांगायचे.

अश्विनी_सातारा
१० जून, रात्री ११:३०

सिस्टर, दुखावले नाही. पण रडू आलं. दोन दिवस मी स्वतः तेल कोमट करून देत होते. आणि त्या चार गोळ्या. खरं सांगा निशिगंध, त्या चार गोळ्या घेतल्या असत्या तर हे टळलं असतं का?

निशिगंध
११ जून, सकाळी ६:२५

नाही सांगता येत, ताई. गोळी पूर्ण घेतलेल्यांनाही गुठळ्या होतात, धोका कमी होतो, संपत नाही. तुमच्या आईच्या पोटरीत पहिला धागा कदाचित पाचव्या दिवशीच धरला असेल. मालीशने तो हलला की आपोआप सुटला, तेही कुणी ठरवू शकत नाही. तुम्ही ऑक्सिमीटर लावलात आणि वेळ न घालवता १०८ ला फोन केलात, त्याने मात्र नक्की फरक पडला.

कार्डावरची गोळी कशासाठी आहे, किती दिवस आहे, स्ट्रिप संपली तर पुन्हा आणायची आहे, हे सांगणं आमच्या लोकांचं काम होतं. ते झालं नाही. ते ओझं तुम्ही वाहू नका.

परळकर
११ जून, रात्री ८:४०

धागा आजच पाहिला. मी परफ्युजनिस्ट, म्हणजे बायपासच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवणारा. मुंबईत एकतीस वर्षं तेच केलं. इथे गुडघ्याबद्दल चाललंय, पण रक्त गोठण्याचा खरा कस आमच्या टेबलावर लागतो.

हृदय थांबवायचं म्हणजे माणसाचं सगळं रक्त प्लास्टिकच्या नळ्यांमधून बाहेर आणून, त्यात प्राणवायू मिसळून परत पाठवायचं. रक्ताला परक्या वस्तूचा स्पर्श झाला की ते गोठणार, तो त्याचा धर्म. म्हणून नळी जोडण्याआधी वजनाच्या दर किलोला साधारण ३०० ते ४०० युनिट हेपारिन जातं. मग एसीटी नावाची चाचणी. एरवी रक्त शंभर-एकशेवीस सेकंदांत गोठतं, आम्हाला ते ४८० सेकंदांच्या वर हवं असतं. तो आकडा मोठ्याने सांगितल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मी हजारो वेळा तो आकडा सांगितला असेल, पण एकदाही सहज सांगितला नाही. कमी पडलं तर मशीनमध्ये रक्त गोठेल आणि पेशंट टेबलावर जाईल.

काम झालं की प्रोटामिन देऊन हेपारिनचा असर उतरवायचा. हे प्रोटामिन मूळचं सामन माशाच्या वीर्यातलं. त्यानंतरचे काही तास मला सगळ्यात अवघड वाटायचे. मशीनमधून फिरून आलेल्या प्लेटलेट दमलेल्या असतात, सलाईनने रक्त पातळ झालेलं असतं, अंग गार असतं. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की गोठवणारी प्रथिनं मंदावतात. रक्ताच्या बाटल्या चढवलेल्या असतील तर त्यातलं सायट्रेट कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. म्हणून पेशंटला गरम हवेची ब्लँकेटं, कॅल्शियमचं इंजेक्शन, आणि सगळ्यांचे डोळे छातीतल्या ड्रेनच्या बाटलीवर. बाहेर थांबलेल्या नातेवाईकांना वाटतं ऑपरेशन संपलं. आत ड्रेनमध्ये तासाला किती येतं ते मोजत आम्ही उभे असतो. आणि एवढं रक्त थांबवायला झटून, ते थांबलं की सहा तासांच्या आत त्याच पेशंटला अ‍ॅस्पिरिन सुरू करतात, कारण पायातली शीर काढून हृदयावर बसवलेली असते, ती बुजता कामा नये. अश्विनीताई, तुमचा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे.

हे मशीन जन्माला आलं तेच मुळी तुमच्या आईला झालेल्या आजारातून. १९३०-३१ च्या सुमारास बोस्टनमध्ये जॉन गिबन नावाचा तरुण सर्जन पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईच्या उशाशी रात्रभर बसून होता. तिच्या फुप्फुसात गुठळी गेली होती. तो नाडी आणि ब्लडप्रेशर लिहीत होता आणि बाई निळी पडत चालली होती. सकाळी छाती उघडून गुठळ्या काढल्या, पण ती वाचली नाही. त्या रात्री त्याच्या मनात आलं की तिचं निळं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू घालून परत देता आलं असतं तर. पुढची वीसेक वर्षं तो आणि त्याची बायको मेरी त्या मशीनमागे लागले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात ते मशीन लावून त्याने एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. ती मुलगी जगली.

हेपारिन नसतं तर हे काहीच झालं नसतं. तेही १९१६ मध्ये बाल्टिमोरला जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला सापडलं, आणि तो शोधत होता रक्त गोठवणारा पदार्थ. हाती आला तो न गोठू देणारा.

चैत्रपालवी
११ जून, रात्री ९:३०

परळकर काका, हे वाचताना श्वास रोखला गेला. यावर स्वतंत्र लेख लिहा, आग्रहाची विनंती.

इवलेसे_रोप
१२ जून, दुपारी १:१०

माझं सिझेरियन होऊन बारा दिवस झालेत. आईकडे आहे. सव्वा महिना बाजेवरून उठायचं नाही, शेगडी, धुरी, पाणी बेताने प्यायचं असं चाललंय. हा धागा वाचून भीती वाटली. डावा पाय जरा जड वाटतो. हे आमच्यासाठीही लागू आहे का?

निशिगंध
१२ जून, दुपारी १:२५

आधी हे करा: आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून डाव्या पायाचं सांगा आणि तपासून घ्या. संध्याकाळपर्यंत थांबू नका. दम लागणं, छातीत कळ, चक्कर यांतलं काहीही असेल तर सरळ हॉस्पिटल. बाकीचं नंतर लिहितो.

निशिगंध
१२ जून, रात्री ९:५०

प्रसूतीत रक्तस्राव होणार हे शरीराला माहीत असतं, म्हणून गर्भारपणातच फायब्रिनोजेन वाढलेलं असतं आणि गोठण्याला आवर घालणारं प्रोटीन एस उतरलेलं असतं. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे हा धोका राहतो, सुरुवातीचे आठवडे जास्त, आणि सिझेरियन झालं असेल तर आणखी जास्त. डाव्या पायाचं मी उगाच डॉक्टरांना सांगायला लावलं नाही. पोटात उजवी धमनी डाव्या नीलेवरून जाते, गर्भाशयाचा भारही असतो, त्यामुळे बाळंतिणीच्या गुठळ्या डाव्या पायात जास्त दिसतात.

आपल्या सव्वा महिन्याच्या रिवाजातली माया खरी आहे. बाईला कामापासून सोडवणं, पौष्टिक खाऊ घालणं, बाळाजवळ राहू देणं, हे सगळं हवंच. पडून राहणं आणि पाणी तोडणं एवढंच त्यातून काढा. घरातल्या घरात चाला, तहान लागेल तसं पाणी प्या.

इवलेसे_रोप
१२ जून, रात्री १०:४०

डॉपलर केला. गुठळी नाही. आई स्वतः बरोबर आली होती, डॉक्टरांनी तिलाच समजावलं. आत्ता तिने तांब्या भरून उशाशी ठेवला आहे. मनापासून धन्यवाद.

पारिजातक
१३ जून, सकाळी १०:००

आमच्या सासूबाईंचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. आम्ही जैन. हेपारिन डुकराच्या आतड्यातून काढतात असं कळलं. त्या कधीच घेणार नाहीत. नाही घेतलं तर चालेल का?

ओवी_लेस्टर
१३ जून, दुपारी २:४५

ऐकलंत ते खरं आहे, एनॉक्झापारिन हे पोटात टोचायचं इंजेक्शनही त्यापासूनच बनतं. पण "नाही घेतलं तर चालेल का" असं म्हणू नका. कॅन्सर आणि पोटाचं मोठं ऑपरेशन एकत्र म्हणजे धोका बराच वर. अशा वेळी घरी गेल्यावरही चार आठवड्यांपर्यंत औषध चालू ठेवतात. फोंडापारिनक्स नावाचं इंजेक्शन पूर्णपणे रासायनिक पद्धतीने तयार होतं, त्यात प्राण्याचा अंश नाही. मूत्रपिंड फार अधू असेल तर ते देता येत नाही. सासूबाईंचा नियम सर्जन आणि भूलतज्ज्ञांना आधीच, स्पष्ट शब्दांत सांगा. ऐनवेळी नकार दिला तर त्यांना पर्याय शोधायला वेळ राहत नाही.

कृष्णाकाठ
१३ जून, संध्याकाळी ७:००

एक शंका. अ‍ॅस्पिरिन स्वस्त आहे. काही डॉक्टर गुडघ्यानंतर तेवढंच देतात. पुरतं का?

निशिगंध
१३ जून, रात्री १०:१५

यावर डॉक्टरांतच दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना पुरावा आहे. २०१८ च्या कॅनडातल्या चाचणीत सगळ्यांना पहिले पाच दिवस रिव्हारोक्साबान ही रक्त पातळ करायची गोळी दिली, नंतर निम्म्यांना अ‍ॅस्पिरिनवर आणलं. गुठळ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, एक टक्क्याच्या आत. ऑस्ट्रेलियातल्या २०२२ च्या चाचणीत मात्र पहिल्यापासून नुसतं अ‍ॅस्पिरिन दिलेल्यांत ३.४५ टक्के आणि एनॉक्झापारिनवाल्यांत १.८२ टक्के गुठळ्या सापडल्या. माझं स्वतःचं मत, पहिले काही दिवस जोरकस औषध हवं, नंतर धोका कमी असलेल्या माणसाला अ‍ॅस्पिरिन ठीक. आधी गुठळी झालेली, कॅन्सर, जास्त वजन, पंचाहत्तरीपुढचं वय, अशांना नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर सोडायला माझं मन धजत नाही.

आणि ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे त्यांनी ऑपरेशन आलं म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. कुठली कधी थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. लसणाच्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चालू असतील तर त्याही सांगा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, हा माझा रोजचा अनुभव.

अश्विनी_सातारा
६ ऑगस्ट, रात्री ९:२०

धागा वर काढते आहे. आईचे तीन महिने पूर्ण झाले. परवा पुन्हा डॉपलर आणि हृदयाची सोनोग्राफी झाली, दोन्ही चांगलं आहे. गोळी बंद केली. आता तिचा डावा गुडघा तिला झोपू देत नाही आणि ती स्वतःच म्हणते, तोही करून टाकू. मला भीती वाटते. दुसरं ऑपरेशन करणं शहाणपणाचं आहे का?

निशिगंध
७ ऑगस्ट, सकाळी ६:३०

तुमच्या आईंना तपासलेल्या डॉक्टरांनी ठरवायची गोष्ट आहे, पण एकदा गुठळी झाली म्हणून ऑपरेशनच नाही असं नसतं. घाई मात्र नको. आधीची गुठळी हे धोक्याच्या मोजणीतलं मोठं कलम आहे, त्यामुळे या वेळी औषधाचे दिवस जास्त असतील, गुडघ्यालाही ३५ दिवसांपर्यंत विचार होऊ शकतो. मे महिन्यातला सीटी रिपोर्ट भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधी दाखवा. कमरेतून भूल द्यायची असेल तर रक्त पातळ करायचं इंजेक्शन आणि सुई यांच्यात ठरावीक तासांचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर मणक्यात रक्त साचू शकतं. त्यांना आधी माहीत असेल तर ते वेळापत्रक तसं आखतील.

मंगलसिस्टर
७ ऑगस्ट, सकाळी ११:००

आणि गोळ्या मोजून आण गं. पस्तीस म्हणजे पस्तीस.

अश्विनी_सातारा
७ ऑगस्ट, रात्री १०:०५

हो सिस्टर. सीटी रिपोर्टची झेरॉक्स आईच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावली आहे. काकूंनाही सांगितलं, मालीशवाल्या मावशींना तर मी स्वतः घरी जाऊन सांगून आले. त्या म्हणाल्या, आता कुणी ऑपरेशनवाली असेल तर आधी विचारेन. डाव्या गुडघ्याची तारीख दिवाळीनंतरची धरतोय.